सूर्याच्या लेकरांचे गाणे

चाळीस वर्षे साताऱ्यात गाण्याचा क्लास चालवलेला माझ्यासारखा माणूस उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागतो, तेव्हा थंडीचा बंदोबस्त जो तो सांगतो. लोकरी बनियन घ्या, कानटोपी घ्या, पायमोजे दुहेरी घाला. पण तिथे गेल्यावर यमन केव्हा गायचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी जून महिन्यात मुलीकडे ट्रॉम्सोला गेलो होतो. नॉर्वेच्या अगदी माथ्यावरचे हे गाव. मेच्या वीस तारखेच्या सुमारास तिथे सूर्य जो वर येतो तो जुलैची बावीस तारीख येईपर्यंत मावळायचे नावच घेत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला तंबोरा लावून तासभर बसायचे, ही माझी जुनी सवय. (तंबोरा आता मोबाईलमध्येच असतो, ही गोष्ट निराळी.) पहिल्या दिवशी मी दिवेलागणीची वाट पाहत बसलो. सात वाजले, नऊ वाजले, अकरा वाजले. सूर्य आपला समोरच्या बर्फाळ डोंगराच्या खांद्यावर हात टाकून उभा! जावईबापू हसून म्हणाले, "बाबा, यमन आता थेट जुलैच्या अखेरीला."

शेवटी मी हट्टाने खिडकी उघडली आणि रात्री बारा वाजता लख्ख उन्हात सारंग आळवला. ज्या गुरूंनी आम्हाला प्रहरांचे शास्त्र शिकवले, त्यांना स्वर्गात काय वाटले असेल कोण जाणे.

त्या सारंगामुळेच पुढचे सारे घडले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई मुल्ते नावाच्या पिवळ्या रानफळांच्या मुरंब्याची बरणी घेऊन आल्या. वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनी वडीलच असतील. मुलीने आमच्यात दुभाषाचे काम केले. बाईंचा पहिलाच प्रश्न असा होता की, मुलगी तो सांगताना अडखळली.

"त्या विचारताहेत, काल रात्री तुम्ही कुणाला गात होता?"

"कुणाला म्हणजे? ऐकायला कोण होतं? एकटाच गात होतो."

"तसं नव्हे, बाबा. कुणाला ऐकवत होता असं नाही. आपण 'कुणाला पाहत होता' म्हणतो ना, तसं. कुणाला गात होता?"

मी गप्प झालो. साठ वर्षांच्या गाण्यात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

बाई सामी होत्या. आमच्या शाळेच्या भूगोलात रेनडियर पाळणाऱ्या 'लॅप' लोकांवर एक परिच्छेद असे, तेच हे लोक. 'लॅप' हे नाव त्यांना मुळीच आवडत नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प एवढ्या मुलखात ते पसरलेले आहेत. आपल्या भूमीला ते साप्मी म्हणतात. तिच्यावरून चार देशांच्या सरहद्दी गेल्या, त्या त्यांना न विचारता. त्यांच्या गाण्याला योइक म्हणतात. सामी भाषेत एखाद्या माणसाबद्दल, डोंगराबद्दल किंवा लांडग्याबद्दल योइक गात नाहीत. माणूसच गातात, डोंगरच गातात, लांडगाच गातात. व्याकरणातच तशी सोय आहे. प्रथम मला हे सारे चमत्कारिक वाटले. मग ध्यानात आले की, आपण तरी 'मारव्याबद्दल' कुठे गातो? मारवा गातो.

लहान मुलाला घरचे कोणी त्याचा स्वतःचा योइक देतात. मूल वाढते तसा तो बदलतो. रचणारा कोणीही असो, ज्याचा योइक त्याच्याच मालकीचा. शब्द थोडे. पुष्कळदा 'लो', 'ला', 'नू' अशा नुसत्या अक्षरांवरच सगळा कारभार चालतो. उत्तरेकडच्या पुष्कळशा योइकांत पाचच स्वर असतात आणि ऐकताना आपल्याला भूपाची आठवण होते.

आठवणच होते, भूप नव्हे! बाईंनी मला पहिल्यांदा ध्वनिमुद्रिका ऐकवली तेव्हा मी मनात नाक मुरडले, हे कबूल केले पाहिजे. ना अस्थाई, ना अंतरा, ना समेवर येणे. एकच चार ओळींची चाल गोल गोल फिरत राहते आणि मध्येच, एखाद्याने बोलता बोलता उठून जावे तशी, थांबते. "हे संपलं का?" मी विचारले. "संपत नसतं," बाई म्हणाल्या, "गाणारा थांबतो इतकंच."

तो गाणारा होता निल्स-अस्लाक वाल्केआपा. सामी लोक त्याला आयलोहाश म्हणतात. या माणसाने मला पुढचे दोन महिने सोडले नाही.

* * *

वाल्केआपा १९४३ साली फिनलंडच्या वायव्य टोकाला, एनोन्तेकिओ भागातल्या पालोयोएनसू या गावी, रेनडियर पाळणाऱ्या घरात जन्मला. शिक्षकाचे शिक्षण घेऊन १९६६ मध्ये उत्तीर्ण झाला. पुढे तो गायक झाला, कवी झाला, चित्रकार झाला, छायाचित्रकार झाला, पुस्तकांची मांडणी करणारा झाला. जपानी 'नो' नाटकाच्या धर्तीवर त्याने एक नाटक लिहिले. 'पाथफाइंडर' या १९८७ च्या सामी चित्रपटात त्याने भूमिका केली आणि त्याच्या संगीतातही त्याचा हात होता. हा चित्रपट ऑस्करच्या स्पर्धेपर्यंत गेला.

अशा माणसाला आपण 'हरहुन्नरी' म्हणतो आणि थोडे संशयानेही पाहतो. आमच्या गवयांत तर म्हणच आहे की, जो चार दारी जातो तो उपाशी राहतो. मीही आधी तेच म्हटले. पण त्याचे काम जसजसे पाहत गेलो, तसतसा माझा ग्रह बदलला. हा चार दारी गेलेला माणूस नव्हता. एका घराची चार दालने इतरांनी भिंती घालून वेगळी केली होती, त्या भिंती पाडत निघालेला हा माणूस होता. हे कसे, ते सांगण्यासाठी ढोलाची गोष्ट सांगितली पाहिजे.

सामी लोकांचा जुना ढोल लंबगोल असतो. लाकडी खोड कोरून किंवा पट्टी वाकवून त्याचे अंग करतात आणि वर रेनडियरचे कातडे ताणतात. त्या कातड्यावर आल्डर झाडाच्या सालीच्या तांबड्या रसाने चित्रे काढलेली असतात. सूर्य, वाऱ्याचा देव, मेघगर्जनेचा देव, अस्वल, होडी, रेनडियरचा कळप, पलीकडच्या मृतांचा लोक, अशी सारी सृष्टी त्या हातभर कातड्यावर मावते. दक्षिणेकडच्या ढोलांवर सूर्य बरोबर मध्यभागी. नोआयदी, म्हणजे त्यांचा देवऋषी, चामड्यावर एक कडी किंवा हाडाचा तुकडा ठेवून शिंगाच्या हातोडीने ढोल वाजवी. कडी उड्या मारत ज्या चित्रापाशी थांबे, त्यावरून शिकारीची दिशा किंवा आजाराचे कारण सांगे. तोंडाने योइक चालू.

म्हणजे ढोल हे वाद्य, तोच चित्रफलक, तोच नकाशा आणि तीच पोथी. त्या लोकांना संगीत, चित्रकला आणि पुराणकथा या तीन निराळ्या गोष्टी आहेत हे ठाऊकच नव्हते. ते त्यांना शिकवावे लागले आणि ते शिक्षण फार क्रूरपणे झाले.

१६९१ च्या डिसेंबरात उत्तर नॉर्वेत अँडर्स पोल्सेन नावाच्या एका वृद्ध सामीचा ढोल जप्त केला गेला. फेब्रुवारी १६९२ मध्ये वाडसो येथे त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला. म्हाताऱ्याने न्यायासनासमोर ढोलावरचे एकेक चित्र समजावून सांगितले. निकाल लागण्यापूर्वीच एका वेडसर माणसाने त्याला कुऱ्हाडीने मारले. पुढच्याच वर्षी, १६९३ मध्ये, स्वीडनमधल्या आर्येप्लुग येथे लार्स निल्सन याला त्याच्या ढोलासकट आणि देवांसकट जाळण्यात आले. जे ढोल जाळले गेले नाहीत ते राजेरजवाड्यांच्या संग्रहांत गेले. अर्न्स्ट मांकेर या स्वीडिश अभ्यासकाने १९३८ आणि १९५० मध्ये दोन जाड खंडांत त्यांची नोंद केली, तेव्हा जगभर मिळून ते सत्तरएक भरले. पोल्सेनचा ढोल कोपनहेगनला गेला होता. १९७९ पासून तो कारास्योकच्या सामी संग्रहालयात उसना म्हणून होता. तो कायमचा सामी लोकांच्या मालकीचा झाला २०२२ मध्ये. तीनशे तीस वर्षांनी!

ढोल गेले आणि योइक उरला. पण तोही चोरून. वाल्केआपाच्या गावापासून जवळच कारेसुआंदो आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे लार्स लेवी लेस्टाडियस हा धर्मोपदेशक होता. दारूने बुडणारी घरे त्याच्या प्रवचनांनी सावरली, हे त्याचे ऋण सामी लोक आजही मानतात. पण दारूबरोबर योइकही पाप ठरला. नशेत माणसे योइक गातात, तेव्हा योइक हीच नशा! गंमत अशी की, याच लेस्टाडियसने सामी पुराणकथांवर एक ग्रंथ लिहून ठेवला आणि तो आज अभ्यासकांना अमोल वाटतो. एकाच माणसाच्या एका हाताने जपलेले त्याच्याच अनुयायांनी दुसऱ्या हाताने पुसले. पुढे शाळा आल्या आणि शाळांतही योइकला मज्जाव झाला.

"माझी आई गोठ्यात योइक गायची," शेजारच्या बाई म्हणाल्या. "घरात नाही. आम्हां मुलांची चाहूल लागली की थांबायची. मला वाटायचं, ती काही वाईट करते आहे."

त्या हे अगदी सहज बोलल्या. मुलीने सहज भाषांतर केले. मला मात्र त्या दिवशी मुरंबा गोड लागला नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

* * *

१९६८ मध्ये वाल्केआपाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पंचविशीतला मुलगा, गिटारच्या साथीवर योइक गातो आणि ते दुकानात विकायला ठेवतो! धर्मभीरू वडीलधाऱ्यांना ते पाप वाटले. जुन्याच्या अभिमान्यांना गिटारने योइक बाटला असे वाटले. तरुण पोरांनी मात्र तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या. पुढे जाझ वादक सेप्पो पाक्कुनाइनेन याच्याबरोबर त्याने योइकची सिंफनीही केली. माझ्या सनातनी कानाला त्यातले काही भाग आजही गोंगाटाचे वाटतात. पण जिथे वाद्ये मागे सरतात आणि एकटा त्याचा किंचित घोगरा, न नटलेला आवाज उरतो, तिथे मी हात जोडतो.

१९७५ मध्ये कॅनडात जगभरच्या आदिवासींची परिषद स्थापन झाली. तिथे तो होता आणि पुढे तिच्या सांस्कृतिक कार्याची जबाबदारी त्याने काही वर्षे वाहिली. त्याच सुमारास नॉर्वेत आल्ता नदीवर धरण बांधायचे ठरले. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोला संसदेसमोर उपोषण केले. १९८१ मध्ये शेकडो पोलिसांनी धरणाच्या जागेवरून सत्याग्रही उचलून नेले. धरण १९८७ मध्ये झालेच. पण त्या हरलेल्या लढ्यातून १९८९ मध्ये नॉर्वेतली सामी संसद उभी राहिली.

या सगळ्या धामधुमीत हा माणूस एक पुस्तक करीत होता. 'सूर्य, माझा पिता' असा त्याच्या नावाचा अर्थ. सामी पुराणात ही माणसे सूर्याची संतती. ते पुस्तक १९८८ मध्ये निघाले आणि १९९१ मध्ये त्याला उत्तरेकडच्या देशांचा सर्वांत मोठा वाङ्मयीन पुरस्कार, नॉर्डिक कौन्सिलचा, मिळाला. सामी लेखकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

बाईंच्या घरी त्याची मूळ सामी प्रत होती. मला एक अक्षर वाचता येत नव्हते, तरी मी ती तीन दुपारी चाळली. कवितांच्या मध्ये मध्ये ढोलावरच्या चित्रांसारखी त्याने काढलेली चित्रे आहेत. आणि जुनी छायाचित्रे आहेत. ती वाल्केआपाने युरोपातल्या संग्रहालयांच्या दप्तरांतून वर्षानुवर्षे धुंडाळून गोळा केली. कुणीतरी प्रवासी, कुणीतरी शास्त्रज्ञ येऊन या लोकांची तोंडे टिपून घेऊन गेला होता. जिथे आज्याचे चित्र पाहायला नातवाला परदेशी कपाटाची किल्ली मागावी लागत होती, तिथून त्याने ती माणसे घरी आणली. पुस्तकाची इतर भाषांत भाषांतरे झाली, तेव्हा त्याने ही छायाचित्रे त्यांत घालू दिली नाहीत. ती फक्त सामी प्रतीत. घरच्यांचे फोटो आपण चारचौघांना वाटतो का?

एका ठिकाणी मी पान उलटले आणि थबकलो. पानावर ओळी नव्हत्याच. शब्द सुटे सुटे, पानभर विखुरलेले, पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर. बाई म्हणाल्या, "हा कळप आहे. चाललाय." एकेक शब्द म्हणजे एकेक रेनडियर. पांढरा, काळसर, आखूड शिंगांचा, मागे रेंगाळणारा, अशी प्रत्येकाची सामी भाषेतली वेगळी नावे. भाषांतरकारांनी ही कविता हात न लावता तशीच ठेवली. त्या शब्दांवरून बोट फिरवीत बाई हलकेच गुणगुणू लागल्या. तेव्हा मला दिसले की, हे चित्र आहे, ही कविता आहे आणि हा योइकही आहे. ढोलाचे कातडेच त्याने कागदावर ताणले होते.

१९९३ मध्ये 'प्री इटालिया' हे आकाशवाणीच्या जगातले मानाचे पारितोषिक त्याच्या पक्ष्यांच्या सिंफनीला मिळाले. सुमारे तासाभराची ही रचना आहे. तिच्यात पक्ष्यांचे प्रत्यक्ष आवाज, ओढ्याचे पाणी, रेनडियरच्या गळ्यातल्या घंटा असे सारे ऐकू येते. मी ती रात्री एक वाजता उन्हात बसून ऐकली आणि खिडकीबाहेरचे पक्षी कुठले, आतले कुठले, हे अर्ध्या तासानंतर मला सांगता येईना. ही गाणी प्रहर पाळीत नाहीत हेही तेव्हा कळले. जिथे दोन महिने दिवस आणि दोन महिने रात्र, तिथे गाण्याने घड्याळाशी नव्हे, ऋतूशी आणि जनावरांच्या वाटांशी सूर जुळवलेला असतो.

आणि १२ फेब्रुवारी १९९४ रोजी, लिलेहामर येथे हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला, साऱ्या जगासमोर बर्फावर उभा राहून त्याने योइक गायला. आईने गोठ्यात लपवलेले गाणे. "त्या दिवशी आम्ही टीव्हीसमोर उभे होतो," बाई म्हणाल्या. "बसवलंच नाही."

* * *

जुलैत जावईबापूंनी गाडी काढली आणि आम्ही चौघे, बाईंसह, शीबोट्नला गेलो. रस्ता फ्योर्डच्या कडेकडेने सव्वाशेएक किलोमीटर. तिथे समुद्राकाठी वाल्केआपाचे लाकडी घर आहे, लास्सागाम्मी. १९९६ मध्ये मोटार अपघातात तो फार जखमी झाला. त्यानंतरची थोडी वर्षे मिळाली त्यांत त्याने 'पृथ्वी, माझी माता' हे 'सूर्या'च्या जोडीचे पुस्तक पुरे केले. ते २००१ मध्ये निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २६ तारखेला, जपानहून परतताना, हेलसिंकीजवळच्या एस्पो येथे तो वारला. वय अवघे अठ्ठावन्न. घर आता कलावंतांना काही दिवस राहून काम करायला देतात. आम्ही बाहेरूनच पाहिले. त्याच्या दारावरून जाणारा हमरस्ता दरी चढून फिनलंडमध्ये शिरतो आणि थेट त्याच्या जन्मगावातून पुढे जातो, हे जावईबापूंनी नकाशावर दाखवले.

खडकावर बसून आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. बाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या आईला कधी गात नाही का?"

मी टाळत होतो ते हेच.

माझी आई कोरेगावजवळच्या खेड्यात जात्यावर ओव्या गायची. पहाटे चारला सुरू होई. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून त्या झोपेत ऐकल्या आहेत. बारा-तेरा वर्षांचा झालो, गुरुजींकडे अलंकार घोटू लागलो आणि शहाणा झालो. एका पहाटे मी तिला म्हणालो, "आई, तू षड्ज सोडतेस. पाहुण्यांपुढं गात जाऊ नकोस, बाई." ती हसली. त्यानंतर घरात कोणी असले की ती मुक्याने दळू लागली. मी असलो तरी. पुढे गावात गिरणी आली आणि प्रश्नच मिटला. क्लासात माझ्यापाशी टेपरेकॉर्डर होता. रेडिओवरचे मोठमोठे गवई मी त्यावर उतरवून घेत असे. आई आणखी वीस वर्षे जगली. तिच्या आवाजाची एक फीत माझ्याकडे नाही. आमच्या घरी कोणी पाद्री आला नव्हता, शिपाई आला नव्हता. ते काम मीच केले.

मुलीने हे बाईंना सांगितले. तीही प्रथमच ऐकत होती. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शब्द नकोत. चाल असेल ना?"

मी डोळे मिटले. बराच वेळ काही येईना. मग एक ओळ आली, घरंगळत येणारी, षड्जावर न टेकणारी. खरोखरच टेकत नव्हती. जात्याच्या फेऱ्याबरोबर ती पुन्हा वर उचलली जायची म्हणून टेकत नव्हती, हे मला सत्तराव्या वर्षी, शीबोट्नच्या खडकावर कळले. मी ती दोनदा गुणगुणलो. तिसऱ्या वेळी बाईंनी ती उचलली. मुलीने मोबाईलवर उतरवून घेतली. एकवीस सेकंद भरली.

परत आल्यावर आईच्या धाकट्या बहिणीला, आमच्या मावशीला, फोन केला. ती आता पंच्याऐंशीची आहे. म्हटले, "मावशी, आईच्या ओव्या तुला येतात ना? सांग, मी लिहून घेतो."

"फोनवर व्हय?" मावशी म्हणाली. "तसं न्हाई आठवायचं मला. तू हिकडंच ये. माळ्यावर जातं पडलंय, ते खाली काढाय लागंल. आन् येताना चार शेर जुंधळं घिऊन ये."